मी पत्ता सांगितला होता

वहिनी चोर ठरल्या असत्या, तर बेबीताईंचा फायदा काय होता? आधी तेवढं मांडून घेऊ. मागच्या खोलीतली खुर्ची त्यांना मिळाली असती. दुकानात पाठ टेकायची सोय असलेली खुर्ची ती एकच. शाळांच्या फोटोंचं सगळं काम त्यांच्या हाताखाली आलं असतं. भावाला सल्ला द्यायला घरात दुसरं तोंड उरलं नसतं. एवढ्या मिळकतीसाठी माणूस पुष्कळ दिवस डोळ्यांत तेल घालून बसू शकतो, आणि बेबीताई बसल्या.

मित्रांनो, वहिनींना यात काय गमवायचं होतं तेही सांगून ठेवतो: सगळंच. खुर्ची, काम, आणि सासरच्या दुकानात इतकी वर्षं राबून जमवलेला भरवसा.

आता मी कोण? मी एक जुना शेल आहे, म्हणजे लिहून दिलेले हुकूम पाळणारा प्रोग्राम. एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत, कॉम्प्युटरच्या पोटात राहतो. मला उघडलं की पडद्यावर नुसती काळी चौकट येते, तिच्यात पांढरी अक्षरं आणि लुकलुकणारी एक छोटी खूण. म्हणून दुकानात मला काळी खिडकी म्हणतात. नाव ठेवणाऱ्या बेबीताईच. चित्र नाही, बटण नाही, रंग नाही. असल्या खिडकीत चांगलं काय चालत असणार, हे त्यांचं पहिल्या दिवसापासूनचं मत.

मला सुतारानं घडवलं नाही की लोहारानं ठोकलं नाही. एकमेकांची तोंडंही न पाहिलेल्या कितीतरी लोकांनी मला ओळीमागून ओळ करत लिहिलं, आणि कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेल्या मेकॅनिकनं मला इथे आणून सोडलं. जाताना तो म्हणाला, "असू द्या हा. पडेल कधीतरी उपयोगी." अशा बोलीवर ज्याला घरात ठेवतात त्याला कुणी पाणीसुद्धा विचारत नाही. रंगीत खिडक्या दिवसभर माऊसच्या टिचक्यांवर उघडत-मिटत मिरवायच्या आणि मी आत अंधारात. तिथे बसून एक सवय लागली. बाहेरच्या माणसांना न्याहाळायची, आणि कुणावरही पटकन विश्वास न ठेवायची.

मला बाहेर काढलं वहिनींनी. दुकानात माणसं तीन. दादा फोटो काढतात. वहिनी त्यांच्या बायको. काढलेले फोटो नीटनेटके करून, नावं देऊन जागच्या जागी ठेवणं हे त्यांचं काम. बेबीताई दादांच्या धाकट्या बहीण. त्या काउंटर सांभाळतात. धाकट्या म्हणजे चाळिशी उलटलेल्या, पण लहानपणी चिकटलेलं नाव काही निघालं नाही. माऊसनं फोल्डरमागून फोल्डर उघडून उघडून वहिनींचं मनगट असं धरलं की पाण्याचा पेला उचलवेना. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, माऊस कमी करा. मग वहिनींनी कुठूनसं एक पुस्तक आणलं, ते मांडीवर ठेवलं आणि मला पहिला हुकूम दिला.

मित्रांनो, फोल्डर म्हणजे खोलीत खोली आणि तिच्यात आणखी खोली. मी एका वेळी एकाच खोलीत उभा राहू शकतो. सीडी हा हुकूम लिहून पुढे खोलीचं नाव दिलं की मी तिथे जातो. सीडी म्हणून दोन टिंबं दिली की एक खोली बाहेर येतो. नुसतंच सीडी म्हटलं की थेट घरी. आणि सीडीपुढे आडवी रेघ मारली, की जिथून आलो तिथे परत. शेजारणीकडे वाटी देऊन यावं तसं. खोलीत काय काय आहे ते विचारायचं असेल तर एलएस. आपण कुठे उभे आहोत तेच कळेनासं झालं, तर पीडब्ल्यूडी. या शेवटच्या प्रश्नाची लोकांना लाज वाटते. मला मात्र तो विचारणारी माणसं आवडतात.

सुरुवातीला वहिनी तो सारखा विचारायच्या. दोन पावलं गेल्या की, "कुठे आहे मी?" मी पूर्ण पत्ता सांगायचो. हळूहळू बोटं सरावली. नावाची पहिली अक्षरं लिहून टॅबची कळ दाबायची, उरलेलं नाव मी पुरं करायचो. ज्या कामाला माऊसनं चहा गार व्हायचा, ते आता कप उचलेपर्यंत होऊन जायचं. एकदा त्या पडद्याकडे बघून म्हणाल्या, "तू नसतास तर माझा हात गेला असता रे." मी काही बोललो नाही. काम फत्ते झालं की गप्प राहायचं, ही आमच्या घराण्याची रीत आहे. पण ते वाक्य मी जपून ठेवलं.

हात बरा झाला, तशा वहिनी चटावल्या. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला मी कुठे उभा आहे ते लिहीत असे. त्यांना वाटलं, हा लांबलचक पत्ता अर्धी ओळ खातो. त्यांनी तो काढायला लावला आणि एक इवलासा बाण ठेवला. मग आणखी एक सोय केली. मला सांगून ठेवलं, "सीडी म्हणून नुसतं नाव दिलं की आधी दुकानाच्या मुख्य संग्रहात शोधायचं." म्हणजे मी कुठेही असलो तरी सीडी लग्न म्हटलं की संग्रहातल्या लग्नांत हजर. खरं तर अशी सोय करताना 'पहिल्यांदा आपण उभे आहोत तिथेच बघ' हेही सांगायचं असतं. एक टिंब लिहिलं की काम होतं. वहिनींनी ते टिंब लिहिलं नाही. त्यांना नेहमी संग्रहातच जायचं असायचं, आणि या खुर्चीवर दुसरं कुणी बसेल असं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. मी मात्र अशा वेळी न चुकता पूर्ण पत्ता छापतो, की बाबा, तू म्हणालास ते नाव मला इथे नाही, तिथे सापडलं, आणि मी आता तिथे उभा आहे. वहिनी तो वाचायच्या. बोटांच्या वेगात, पण वाचायच्या.

काउंटर आणि मागची खोली यांच्यामध्ये काच आहे. काचेपलीकडून बेबीताईंना हे सगळं कसं दिसत होतं? वहिनींची बोटं भराभर चालतात. माऊसला हात लागत नाही. अक्षरं येतात, वर सरकतात, आणि कुणी आत आलं की पडदा कोरा. पडदा कोरा करायची वहिनींना सवयच होती. टेबल पुसावं तशी. पण ज्याच्या मनात पाल चुकचुकलेली असते त्याला पुसलेलं टेबलसुद्धा पुरावा वाटतो.

"काय चाललंय वहिनी?" बेबीताई दारात उभ्या राहून विचारायच्या.

"काही नाही, आवरतेय."

"रोजच आवरताय. एवढा पसारा कुणी घातलाय?"

"तुमच्या दादांनी. त्यांना विचारा."

हसून बोललेलं, पण बेबीताईंनी ते काउंटरवर नेऊन जपून ठेवलं. त्यातच वहिनींच्या पर्समधून एक लाल डबी, बाहेरून जोडायची डिस्क, रोज येऊ-जाऊ लागली. सकाळी ती कॉम्प्युटरला जोडायच्या, संध्याकाळी काढून घरी न्यायच्या. बेबीताईंचा हिशेब पक्का झाला: डबीत फोटो जातात, डबी घरी जाते, घरून कुठे जाते ते देव जाणे. उद्या कोपऱ्यावर नवा स्टुडिओ निघेल, आणि आपल्या शाळा तिच्या दारात रांग लावतील.

डबीचं खरं कारण मला माहीत होतं. कॉम्प्युटरची आतली डिस्क म्हातारी झाली होती. मधूनच खडखडायची. वहिनींनी दादांना सांगितलं होतं. दादा कॅमेऱ्याची काच पुसत म्हणाले होते, "चालतंय ना? मग चालू दे." म्हणून वहिनींनी स्वतःच डबी आणली आणि सगळ्या संग्रहाची एक प्रत तिच्यात उतरवायला घेतली. आणि प्रत त्याच छपराखाली ठेवली तर उपयोग काय, म्हणून ती घरी न्यायच्या. बेबीताईंना सांगितलं का नाही? कारण सांगितलं असतं तर त्यांनी दादांचीच री ओढली असती, असं वहिनींना वाटायचं. म्हणजे संशय दोन्ही बाजूंनी होता, मित्रांनो. काचेला दोन बाजू असतात हे काच बसवणाऱ्यालाच आठवतं.

आणि वहिनीही काही अगदी धुतल्या तांदळासारख्या नव्हत्या. डबीत 'पाटी' नावाचा एक छोटा फोल्डर होता. त्यात काय आहे ते मी पाहिलं होतं. योग्य वेळी सांगतो.

तो दिवस आला. वहिनींनी फ्रेमवाल्याकडे मापं द्यायला म्हणून रस्ता ओलांडला. डबी जोडलेली होती, मी उघडा होतो, आणि उभा होतो डबीतच. दादा पुढच्या खोलीत एका रडक्या बाळाचा पासपोर्ट फोटो काढत होते. म्हणजे पुष्कळ वेळ होता. बेबीताई आत आल्या आणि त्या खुर्चीवर बसल्या. पाठ टेकवून.

काचेआडून बघून बघून त्या थोडंफार शिकल्या होत्या. पाळत ठेवणारा माणूस शिकतो भराभर, फक्त मधली पानं गाळून. त्यांनी एलएस लिहिलं. मी डबीतल्या खोल्या सांगितल्या: पासपोर्ट, लग्न, शाळा, पाटी.

"सगळंच उचललं की हिनं," त्या पुटपुटल्या.

दादांना हाक मारता आली असती. पण दादा काय म्हणणार? "जाऊ दे." या दुकानातले बरेचसे निर्णय त्या दोन शब्दांवर उभे आहेत. बेबीताईंनी ठरवलं, शाळा गेल्या तर दुकान गेलं. तेव्हा तिच्या डबीतून शाळा काढून टाकायच्या. चोरीचा माल पुसला तर ती काही चोरी नव्हे. त्यांनी लिहिलं, सीडी शाळा.

मी हुकमाचा ताबेदार. मला सांगून ठेवलं होतं तसं मी आधी मुख्य संग्रहात पाहिलं. तिथे शाळा होती. मी तिथे जाऊन उभा राहिलो आणि ठळक, स्वच्छ अक्षरांत पूर्ण पत्ता छापला: घर, दुकान, संग्रह, शाळा. बेबीताईंची नजर कळफलकावर होती. पुढची अक्षरं कुठे आहेत ते त्या शोधत होत्या. त्यांनी आरएम लिहिलं, म्हणजे पुसून टाक. आतल्या खोल्यांसकट म्हणून जे चिन्ह लागतं ते लिहिलं. सगळं म्हणून चांदणी ठोकली. एंटर.

इथे कचऱ्याची टोपली नसते, मित्रांनो. चुकून पुसलं तर उचलून परत ठेवू, ही सोय रंगीत खिडक्यांत असते. मी पुसलं. आणि रीतीप्रमाणे गप्प राहिलो.

"झालं का?" त्यांनी मला विचारलं. मग एलएस केलं. खोली रिकामी. त्या उठल्या, खुर्ची होती तशी सरकवली, आणि काउंटरवर जाऊन उगाचच पावत्यांचा गठ्ठा सरळ करत बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर कर्तव्य पार पाडल्याचं तेज होतं.

वहिनी परत आल्या. उभ्याउभ्याच सीडी शाळा, एलएस. मी काहीच दाखवलं नाही, कारण दाखवायला काही नव्हतं. त्यांची बोटं थांबली. मग खूप दिवसांनी त्यांनी तो जुना प्रश्न विचारला. पीडब्ल्यूडी. कुठे आहे मी? मी पत्ता सांगितला. तो बरोबर होता, तेच तर वाईट होतं.

"अहो, जरा इकडे या," त्यांनी हाक मारली. "शाळेचं फोल्डर रिकामं आहे."

दादा कॅमेरा गळ्यातच घेऊन आले. "रिकामं म्हणजे?"

"रिकामं म्हणजे रिकामं. या वर्षीचे सगळे वर्ग. उद्या मुख्याध्यापिका फोटो न्यायला यायच्यात."

"काळ्या खिडकीत काहीबाही करत बसलं की असंच होणार," दारातून बेबीताई म्हणाल्या. "आणि दादा, त्या लाल डबीचं विचार आधी. तिच्यात आपलं सगळं दुकान भरून ठेवलंय वहिनींनी. घरी नेतात रोज."

"नेते. प्रत आहे ती. डिस्क खडखडतेय म्हणून सांगितलं होतं मी यांना."

"प्रत! बरा शब्द आहे. म्हणून मी त्या प्रतीतली शाळा काढून टाकली मघाशी. दुकानातली दुकानात असेलच की."

 पुढच्या खोलीतलं बाळ रडत होतं. वहिनींनी डबीचा पूर्ण पत्ता लिहून मला तिथे नेलं आणि एलएस केलं. पासपोर्ट होते, लग्नं होती. शाळेचीही आधीची सगळी वर्षं जशीच्या तशी होती.

"डबीतली शाळा आहे, बेबीताई. दुकानातली नाही."

"असं कसं? मी डबीतच होते!"

"बसा. जे केलंत ते परत करून दाखवा. शेवटचं तेवढं करू नका."

बेबीताई बसल्या, या वेळी खुर्चीच्या कडेवर. वहिनींनी मला डबीतच ठेवलं होतं. बेबीताईंनी लिहिलं, सीडी शाळा. मी संग्रहात गेलो आणि पत्ता छापला. वहिनींनी त्याच्याखाली बोट धरलं आणि मोठ्यानं वाचलं, "घर. दुकान. संग्रह. शाळा."

"मग ह्यानं सांगायचं नाही का, की मी भलतीकडे चाललेय?"

"सांगितलं की. हे काय, आत्तासुद्धा सांगितलं."

"एवढ्या बारीक अक्षरात कोण वाचतं?" बेबीताईंचा आवाज फाटला. "आणि डबीत शाळा असताना हा संग्रहात गेलाच कसा? तुम्हीच काहीतरी शिकवून ठेवलं असणार ह्याला!"

वहिनींनी नाही म्हटलं नाही. "हो. मीच ठेवलंय. माझ्यापुरतं."

"पण डबीत प्रत आहे ना?" दादांनी घाईनं विचारलं. "मग तीच घाल परत."

"या वर्षीचे फोटो अजून नीट करत होते मी. ते शेवटी उतरवणार होते. तुमच्या कॅमेऱ्याच्या कार्डात?"

दादांनी गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. कार्ड त्यांनी कधीच कोरं केलं होतं. त्यावर आता बाळ होतं.

मग त्यांची नजर पडद्यावर गेली. "आणि हे पाटी काय?"

वहिनींनी तो फोल्डर उघडला. दुकानाच्या पाटीचं चित्र होतं, छान रंगवलेलं. पाटीवर एकच नाव होतं, आणि ते दादांचं नव्हतं.

"बघ!" बेबीताई म्हणाल्या, पण त्यात जोर नव्हता.

"केली होती एकदा," वहिनी म्हणाल्या. "ज्या दिवशी तुम्ही 'चालू दे' म्हणालात, त्या दिवशी. रागात. लावायला कुठे भिंत होती?"

या वेळी दादा 'जाऊ दे'सुद्धा म्हणाले नाहीत.

मेकॅनिक आला. त्यानं डिस्क उचकटून पुष्कळ खटपट केली. जे हाती लागलं त्यात अर्धे चेहरे होते आणि बाकी राखाडी पट्टे. मुख्याध्यापिकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "सुट्टी लागली हो." फोनाफोनी करून जमतील तेवढी मुलं बोलावली. खालचे वर्ग पुढच्या वर्षी पुन्हा दिसतीलच. सर्वांत वरचा वर्ग मात्र शाळा सोडून पांगला होता. कुणी मामाकडे, कुणी दुसऱ्या गावी, कुणाच्या वडिलांची बदली झालेली. जी आली त्यांचा फोटो दादांनी काढला. बाकांवर मधे मधे जागा राहिली. फोटोग्राफर सवयीनं म्हणतो तसं ते म्हणाले, "सरका, सरका, जवळ या." मुलं सरकली नाहीत. आपापल्या रोजच्या जागीच उभी राहिली.

खुर्ची वहिनींचीच राहिली. त्यांनी विसरलेलं टिंब लिहिलं. आता मी आधी पायाखाली बघतो. बाण काढून ओळीच्या सुरुवातीला पुन्हा पूर्ण पत्ता लावला, अर्धी ओळ खाणारा. पुसायला सांगितलं की मी आता विचारतो, खरंच पुसू? आणि काचेवरची बेबीताईंची नजर गेली का? नाही. आता वहिनीही त्यांच्याकडे बघतात. त्या काउंटरवरून उठल्या की इकडची बोटं थांबतात. मला हे फारसं आवडत नाही, पण मला विचारतो कोण?

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. वेगानं जरूर चाला. दोन टिंबं, आडवी रेघ, टॅब, सगळं शिका, मला फार आनंद होईल. पण काही पुसण्याआधी, आणि कुणाला चोर ठरवण्याआधी, क्षणभर थांबून विचारत जा, मी कुठे उभा आहे? मी उत्तर देतोच. ते वाचा. आपल्याला हवं तेच लिहिलं असेल असं धरून चालू नका. आणि दुसऱ्याच्या हाताला बेतून केलेल्या वाटांवर आपले पाय टाकण्याआधी त्याला एकदा विचारा. त्यानंही कुणी विचारण्याआधी सांगावं.

आता कुणी काय दंड भरला ते सांगून संपवतो. बेबीताईंना घरात कुणी एका शब्दानं बोललं नाही; त्यांनी भावासमोरचा आपला मोठा आवाज गमावला. वहिनींची खुर्ची वाचली, पण दादा आता त्यांनी काही टाइप करताना मागे येऊन उभे राहतात. दादांनी एक जुनी डिस्क आणि दोन सोयीस्कर शब्द गमावले. माझं काहीच गेलं नाही. बाकीचं सगळं भरलं त्या वरच्या वर्गातल्या न आलेल्या मुलांनी. त्यांनी मला कधी पाहिलं नाही, डबी पाहिली नाही, कुणावर संशय घेतला नाही. त्यांच्या वर्गाच्या फोटोत ती नाहीत.